नकाशासोबत वापरायला स्वस्तातलं होकायंत्र: नेमकं कोणतं घ्यावं?

पदरवाट

नमस्कार मंडळी,

गटातल्या बारा जणांसाठी नकाशावाचनाचा एक दिवसाचा वर्ग घ्यायचा आहे. नकाशे भारतीय सर्वेक्षण विभागाचे, १:५०,००० चे. सराव राजगड-तोरणा धारेवर. प्रत्येकाच्या हातात स्वतःचं होकायंत्र हवं, म्हणजे एकूण बारा नग. एका नगाला आठशे, फार तर हजार रुपये.

दुकानात आणि ऑनलाइन चार प्रकार दिसतात:
१) बटणाएवढं, शिट्टी किंवा थर्मामीटरसोबत जोडून आलेलं
२) हिरवं, धातूचं, घडीचं, "मिलिटरी" म्हणून विकलं जाणारं
३) पारदर्शक प्लास्टिकच्या पट्टीवर बसवलेलं
४) तिसऱ्यासारखंच, पण वर आरशाचं झाकण

डेक्लिनेशन (खरी उत्तर आणि सुईची उत्तर यांतला फरक) अ‍ॅडजस्ट करायचा स्क्रू असलेलंच घ्या, असं परदेशी संकेतस्थळांवर ठासून सांगतात. ते घ्यायचं तर बजेट दुपटीच्या वर जातं. सह्याद्रीसाठी ते खरंच लागतं का? आणि स्वस्तातलं घेताना दुकानात उभ्या उभ्या काय तपासायचं?

---

कारवी

तिसरा प्रकार. नकाशावर काम करायचं असेल तर दुसरा विचार नको.

त्यालाच बेसप्लेट होकायंत्र म्हणतात. ही खरं तर एकात तीन साधनं आहेत. पट्टीने अंतर मोजता येतं, सुईभोवतीची अंशांच्या खुणांची फिरती कडी कोनमापक होते आणि सुई दिशा दाखवते. १९३० च्या दशकात स्वीडनमध्ये हे तिन्ही एकत्र जोडले गेले आणि वेगळा कोनमापक बाळगायची गरज संपली. वापर तीन पायऱ्यांचा:

आधी पट्टीची लांब कड "इथे आहे" आणि "तिथे जायचंय" या दोन बिंदूंना लावायची, पट्टीवर छापलेला प्रवासाचा बाण जायच्या दिशेला. मग पट्टी न हलवता कडी फिरवायची. सुईच्या गोल कुपीच्या तळाशी छापलेल्या समांतर रेघा नकाशाच्या उत्तर-दक्षिण रेघांना समांतर झाल्या पाहिजेत आणि कडीवरचा "N" नकाशाच्या वरच्या बाजूला. शेवटी होकायंत्र उचलून छातीसमोर आडवं धरायचं आणि स्वतः फिरायचं, सुईचं लाल टोक तळाच्या बाणाच्या घरात बसेपर्यंत. प्रवासाचा बाण दाखवतो ती आपली दिशा.

घेताना पट्टी किमान १० सेंमी लांब असावी. कडीवर दर २ अंशाला खूण हवी, ५ अंशाची नको. कुपी द्रवाने भरलेली हवी. कडेला मिलिमीटर असले तरी पुरे, कारण १:५०,००० वर १ मिमी म्हणजे ५० मीटर, हिशोब तोंडी होतो.

---

दिंडीदरवाजा

लांबीचा मुद्दा बरोबर, पण नवख्यांना त्याचं कारण सांगायला हवं. कड बिंदूवरून १ मिमी सरकली तर ५ सेंमीच्या अंतरावर चूक १ अंशाहून जास्त होते, १० सेंमीवर तीच अर्ध्या अंशाच्या जवळ. आणि १ अंशाची चूक म्हणजे किलोमीटरमागे साधारण १७ मीटर, ५ अंशाची म्हणजे ८७ मीटर. धुक्यात नाळेचं (कड्यातून उतरणाऱ्या घळीचं) तोंड चुकायला ८७ मीटर खूप झाले.

---

सह्यकडा_सातारा

दुसऱ्या प्रकाराला एकदम बाद करू नका. लेन्सवालं घडीचं होकायंत्र मुळात लांबच्या खुणेचं बेअरिंग (उत्तरेपासून मोजलेला दिशेचा कोन) घेण्यासाठी बनलंय. झाकणातल्या तारेतून शिखर धरायचं, भिंगातून त्याच क्षणी अंश वाचायचे. अस्सल असेल तर पट्टीवाल्यापेक्षा बारीक वाचन मिळतं. दोन डोंगरांची बेअरिंग घेऊन स्वतःची जागा काढायची असेल तेव्हा ते उपयोगी आहेच.

---

कारवी

सह्यकडा, अस्सल असेल तर. पदरवाट यांच्या बजेटात मिळते ती नक्कल. नकलेत हमखास तीन दोष सापडतात. तबकडी कोरडी असते, द्रव नसतो, त्यामुळे ती डोलत राहते. भिंगाचा बिजागरा सैल असतो. भिंग जरा खाली-वर झालं की वाचन बदलतं. आणि डबी अ‍ॅल्युमिनियमची म्हणून विकतात, पण बिजागऱ्याची पिन किंवा कडी लोखंडी निघते. शिवाय तबकडीवर दोन वर्तुळं असतात, एक अंशांचं, एक मिल्सचं (पूर्ण फेरीचे ६४००). नवखा माणूस घाईत चुकीचं वर्तुळ वाचतो. वर नकाशावर कोन मांडायला वेगळा कोनमापक लागतोच, कारण डबी पारदर्शक नाही.

---

सह्यकडा_सातारा

कोरड्या तबकडीचं मान्य. वर्गासाठी तिसराच घ्या. माझं म्हणणं प्रकाराबद्दल होतं, नकलेबद्दल नाही.

---

भूचुंबक

डेक्लिनेशनचं उत्तर आधी देतो, कारण बजेटाचा सगळा प्रश्न तिथेच सुटतो.

होकायंत्राची सुई भौगोलिक उत्तरेकडे नाही, चुंबकीय उत्तरेकडे वळते. त्या दोहोंतला कोन म्हणजे डेक्लिनेशन, मराठीत चुंबकीय दिक्पात. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर तो दहा अंशांच्या वर आहे, मेलबर्नलाही तसाच. तिथे तो विचारात न घेता कोणी किलोमीटरभर चाललं तर पावणेदोनशे मीटर बाजूला जाईल. म्हणून तिकडचे लोक त्या स्क्रूचा आग्रह धरतात आणि त्यांच्यासाठी तो रास्त आहे.

महाराष्ट्रात सध्या हा कोन एक अंशाच्या आत आहे. हाताने घेतलेल्या बेअरिंगमधली आपली चूकच दोन-तीन अंशांची असते. म्हणजे सह्याद्रीत दुरुस्ती न करता थेट नकाशावरून कोन घ्यायचा आणि चालायचं. नकाशावरच्या यूटीएम ग्रिडच्या, म्हणजे चौकटीच्या उभ्या रेघांची उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरकही पुणे-भोर भागात अर्ध्या अंशाहून कमी. हिमाचल-उत्तराखंडात जाणाऱ्यांनी त्या त्या वर्षाचा आकडा बघून घ्यावा, पण तिथेही तो लहानच आहे. स्क्रूचे पैसे वाचवा.

पैसे जिथे घालायचे ती गोष्ट दुसरी आहे: सुईचा तोल. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र आडवं नसतं, जमिनीत तिरकं शिरतं. स्वीडनमध्ये हा उतार सत्तर अंशांच्या वर, आपल्याकडे अलिबागच्या आसपास पंचवीसेक अंश, आणि केरळ-तमिळनाडूच्या टोकाजवळ जवळपास शून्य. केरळातल्या थुंब्याला १९६३ मध्ये अग्निबाण तळ उभारला तो चुंबकीय विषुववृत्त (हा उतार शून्य असतो ती रेघ) तिथून जवळून जातं म्हणूनच. उत्तर युरोपसाठी बनवलेल्या सुईचं उत्तर टोक खाली ओढलं जाऊ नये म्हणून दक्षिण बाजू किंचित जड करतात. ती सुई आपल्याकडे आणली की इथला खालचा ओढा कमी असल्याने दक्षिण टोक जरा खाली झुकतं. पट्टी नीट आडवी धरली तर चालून जातं, तिरकी धरली की सुई कुपीच्या तळाला घासते आणि अडकते.

आपल्या बाजूने एक गोष्ट आहे. सुईला वळवणारा आडवा जोर इथे स्वीडनच्या दुपटीहून जास्त आहे. म्हणून साधी सुईसुद्धा इथे पटकन स्थिरावते. स्वस्त होकायंत्राला सह्याद्री हा चांगला मुलूख आहे.

---

उत्तरा_मेलबर्न

माझा भाऊ याच गटात आहे. इथून घेऊन पाठवू का, असं विचारणार होते. इथे चांगली मिळतात. पण वरचं वाचून शंका आली.

---

भूचुंबक

उत्तराताई, नका पाठवू. दक्षिण गोलार्धात क्षेत्र उलट तिरकं असतं, त्यामुळे तिथल्या सुईचं उत्तर टोक जड केलेलं असतं. इथे आणलं की आधीच खाली ओढलं जाणारं उत्तर टोक आणखी खाली जाईल, सुई रखडेल. युरोपातल्या सुईपेक्षा ही अडचण मोठी.

खोक्यावर बघायच्या खुणा: सुंतो कंपनीच्या होकायंत्रावर "NH" म्हणजे उत्तर गोलार्ध, "SH" म्हणजे दक्षिण. सिल्वा कंपनीच्या होकायंत्रावर "MN", "ME", "MS", म्हणजे उत्तर, विषुववृत्तीय, दक्षिण. "ग्लोबल" लिहिलेल्या सुया कुठेही चालतात आणि बरीच तिरकी धरली तरी फिरतात, पण किंमत या धाग्याच्या बाहेरची. बिननावाच्या स्वस्त मालावर यातलं काहीच छापलेलं नसतं, म्हणून तोल डोळ्यांनीच बघायचा: पट्टी सपाट ठेवून डोळा कुपीच्या पातळीला आणा. सुईची दोन्ही टोकं काचेपासून सारख्या अंतरावर दिसली पाहिजेत.

---

सांजवात

इतकं सगळं हवंच का? मोबाईलमध्ये होकायंत्र आहे, जीपीएस आहे, नकाशा आधी डाउनलोड केला की रेंजही लागत नाही.

---

दिंडीदरवाजा

जीपीएस ठेवाच, "मी कुठे आहे" याचं सर्वांत चांगलं उत्तर तेच देतं. पण "कोणत्या दिशेला तोंड करू" हे उभं असताना जीपीएस सांगू शकत नाही. तो दिशा काढतो ती चालल्यावर. उभ्या उभ्या दिशा दाखवतो तो फोनमधला छोटा चुंबकमापक, आणि फोनच्याच स्पीकरचं चुंबक त्याच्या शेजारी असतं. म्हणून फोन आठच्या आकड्यासारखा फिरवायला सांगतो. कव्हरला चुंबकी झाकण असेल तर वीस-तीस अंशांचाही फरक पडतो. श्रावणात ओल्या बोटांना स्क्रीन दाद देत नाही, आणि बॅटरी संपली की नकाशाही संपला. कागद आणि सुईला यातलं काही लागत नाही.

---

टोपोशीट४७

नकाशाबद्दल कोणी बोललं नाही, ते आधी सांगतो. होकायंत्र उत्तम घेतलं आणि नकाशा चुकीच्या मापात छापला तर सगळं पाण्यात.

ओपन सिरीज नकाशे सर्वेक्षण विभागाच्या संकेतस्थळावर नोंदणी करून पीडीएफमध्ये उतरवता येतात. मूळ पत्रक (एक नकाशा) अक्षांश-रेखांशाची १५ मिनिटं × १५ मिनिटं. आपल्या अक्षांशावर कागदावर ते साधारण ५५ सेंमी उंच आणि ५३ सेंमी रुंद येतं. दुकानात प्रिंट काढताना "फिट टू पेज" राहिलं की नकाशा आक्रसतो आणि पट्टीवरचे ५० मीटर ६० होतात. "अ‍ॅक्च्युअल साइझ", १०० टक्के सांगा. प्रिंट हातात आली की खालची प्रमाणपट्टी मोजा: १ किमी बरोबर २ सेंमी आला पाहिजे. दुसरी तपासणी कडेच्या आकड्यांवरून, अक्षांशाची ५ मिनिटं साधारण १८.४ सेंमी भरतात.

नंतर वरच्या आणि खालच्या कडेवरच्या सारख्या रेखांशाच्या खुणा जोडून पेन्सिलीने उभ्या रेघा मारा, मधे मधे समांतर आणखी काही, दोन-दोन सेंमीवर. कडी याच रेघांना जुळवायची. रेघा नसलेल्या नकाशावर लोक कडी अंदाजाने जुळवतात आणि तिथेच चार-पाच अंश जातात.

राजगड-तोरणा करणाऱ्यांसाठी: १८ अंश १५ मिनिटं अक्षांशाची रेघ या दोन गडांच्या मधून जाते. जुन्या क्रमांकाने तोरणा ४७ एफ/११ मध्ये, राजगड ४७ एफ/१२ मध्ये. सिंहगड त्याच्या शेजारच्या ४७ एफ/१५ च्या अगदी पश्चिम कडेवर. तिन्ही पत्रकं छापून कडा कापून जोडा, नाहीतर नेमकी हवी ती धार दोन कागदांच्या फटीत जाते.

---

कातळकडा

बसाल्टचं विसरू नका. आपला सगळा कातळ लाव्हाचा, त्यात मॅग्नेटाइट असतं आणि खडक थंड होताना स्वतः चुंबकित झालेला असतो. बहुतेक ठिकाणी त्याचा परिणाम हातभर उंचीवर नगण्य राहतो, पण होकायंत्र थेट कातळावर ठेवून वाचलं तर सुई हमखास बहकते. उघड्या माथ्यावर वीज पडलेली असेल तर तिथला दगड आसपासच्या दगडापेक्षा कितीतरी जास्त चुंबकित झालेला असतो, आणि तो वरून ओळखू येत नाही.

म्हणून सवयच लावा: वाचन नेहमी छातीच्या उंचीवर, खाली ठेवून नाही. शंका आली तर वीस पावलं बाजूला जाऊन त्याच खुणेचं बेअरिंग पुन्हा घ्या. खूण लांबची असेल तर आकडा बदलायला नको. बदलला तर दोन्ही सोडा आणि तिसरी जागा घ्या.

---

निवडुंग

पदरवाट, दुकानात काय तपासायचं ते विचारलंय, त्याचं सविस्तर देतो. बारा नग घ्यायचेत म्हणजे वीसेक समोर मागवा आणि त्यातून निवडा. स्वस्त मालात नगानगात फरक असतो, तो इथेच पकडायचा.

टेबल लाकडी हवं. काचेच्या काउंटरखाली लोखंडी चौकट असते. खिशातला मोबाईल आणि किल्ल्या दूर ठेवा. सगळी होकायंत्रं एकाच वेळी शेजारी शेजारी मांडू नका, एकमेकांच्या सुया ओढतात. दोघांत हातभर अंतर ठेवा, नाहीतर एकाच जागी एकेक ठेवून बघा. टेबलावर कागद चिकटवून त्यावर एक रेघ मारा, प्रत्येक होकायंत्राची कड त्या रेघेला लावा आणि सुईवरून अंश वाचा. वीसपैकी सोळा-सतरा २ अंशांच्या आत एक आकडा दाखवतील. जे वेगळं बोलतं ते बाजूला.

मग सुई अडकते का. लोखंडी किल्लीचं टोक जवळ नेऊन सुई काटकोनात वळवा, किल्ली झटकन दूर करा. दोन-तीन सेकंदांत ती त्याच आकड्यावर परत आली पाहिजे. हेच दुसऱ्या बाजूने. डावीकडून सोडल्यावर ४० आणि उजवीकडून सोडल्यावर ४५ येत असेल तर सुई ज्यावर फिरते ती टेकणीच खराब आहे, ती कधी सुधारत नाही.

कडी फिरवा. पूर्ण फेरीत सारखीच घट्ट हवी. मधेच सैल झाली तर चालताना पिशवीला घासून आपोआप फिरेल आणि कळणारही नाही. वाळू भरल्यासारखी कुरकुरली तरी नको.

आता छपाई, आणि हीच जागा लोक सोडून देतात. कडीवरचा शून्य प्रवासाच्या रेघेला जुळवा आणि होकायंत्र चौकोनी वहीच्या कागदावर ठेवा. कुपीच्या तळाच्या रेघा पट्टीच्या लांब कडेला समांतर आहेत का ते कागदाच्या रेघांवरून बघा. स्वस्त नगात त्या दोन-तीन अंश तिरक्या छापलेल्या सापडतात. सुई कितीही चांगली असली तरी असं होकायंत्र प्रत्येक वेळी तेवढंच चुकीचं बोलेल. कडेचे मिलिमीटर दुसऱ्या प्लास्टिकच्या पट्टीशी ताडून बघा. पट्टी स्टीलची नको.

शेवटी द्रव. बुडबुडा नसावा. स्वच्छ पारदर्शक हवा. पिवळट झाला असेल तर माल जुना आहे.

एवढं करायला एका नगाला पाच मिनिटं लागतात. आडकाठी करणारा दुकानदार असेल तर तिथून घेऊच नका. ऑनलाइन घेतलंत तर परत करायची मुदत बघूनच, आणि हीच तपासणी घरी.

---

पदरवाट

निवडुंग, फार आभार. हे छापून सोबत नेतो. दोन उपप्रश्न: बुडबुडा नंतर आला तर? आणि आरशाचं झाकण वर्गासाठी उपयोगी आहे का?

---

कारवी

आरसा: नाही. आरशाचा फायदा असा, की खूण आणि सुई एकाच नजरेत दिसतात, वाचन एखाद्या अंशाने सुधारतं. पण बजेटातल्या आरशांचा बिजागरा हलतो आणि मधली रेघ तिरकी असते, मग फायदा उलटतो. वर्गाला शिकवणाऱ्याकडे एक चांगलं असलं तर पुरे.

---

भूचुंबक

बुडबुड्याचं: उंचीवर हवेचा दाब कमी होतो, थंडीत द्रव आकुंचन पावतो, त्यामुळे डाळीच्या दाण्याएवढा बुडबुडा येऊ शकतो. खाली आलं की जातो. त्याने काही बिघडत नाही. पण तो सखल भागातही राहिला आणि महिन्यागणिक मोठा होत गेला तर कुपी झिरपते आहे. सुईचं टोक बुडबुड्याला अडून थांबू लागलं की ते होकायंत्र काढून टाकायचं. कुपी खराब होण्याचं नेहमीचं कारण म्हणजे उन्हात उभ्या गाडीत काचेखाली ठेवणं.

दुसरं, डीट असलेला डासांचा फवारा हाताला लावून होकायंत्र हाताळू नका. प्लास्टिक चिकट होतं आणि आकडे पुसले जातात.

---

कातळकडा

आणि साठवण. मोबाईल, पॉवर बँक, स्पीकर यांच्याबरोबर एका कप्प्यात महिनोन् महिने ठेवलं की सुईचे ध्रुव उलटू शकतात. लाल टोक दक्षिणेला! म्हणून निघायच्या दिवशी सकाळी घरच्या घरी एकदा बघायचं: सूर्य उगवतो ती साधारण पूर्व, तिकडे तोंड केल्यावर लाल टोक डाव्या हाताला हवं. इतकं साधं आहे.

सॅकच्या पट्ट्यांवरही लक्ष ठेवा. पाण्याची नळी छातीवर अडकवायचं चुंबकी बटण असतं, आणि होकायंत्र आपण नेमकं छातीसमोर धरतो. कळसूबाईच्या लोखंडी शिडीजवळ, रेलिंगजवळ, गडावरच्या लोखंडी तोफेजवळ वाचन घेऊ नका. गाडीपासून दहा पावलं, उच्च दाबाच्या तारांपासून पन्नासेक मीटर दूर जा.

---

सांजवात

उलटलेली सुई पुन्हा सुलटी होते का?

---

भूचुंबक

होते. जोरकस चुंबक घ्या. दुसऱ्या, चांगल्या होकायंत्राजवळ धरून त्याचं दक्षिण टोक शोधा. सुईचं लाल टोक ज्या टोकाकडे धावतं ते चुंबकाचं दक्षिण. होकायंत्र उभं धरून सुई कुपीत टेकवा, म्हणजे ती फिरणार नाही. आता चुंबकाचं दक्षिण टोक कुपीवर सुईच्या मध्यापासून लाल टोकाकडे सरकवत न्या, टोकाच्या पुढे काढून उचला, लांबून परत मध्यावर आणा. आठ-दहा वेळा. मग किल्लीची चाचणी पुन्हा घ्या. सुई संथपणे, सुस्तावून परतत असेल तर चुंबकत्व पुरेसं भरलेलं नाही, पुन्हा करा. चुंबक मागे-पुढे घासायचा नाही, एकाच दिशेने.

---

टोपोशीट४७

सरावाची जागा फार चांगली निवडली आहे, म्हणून थोडं विषयांतर.

राजगडाच्या बालेकिल्ल्यावरून तोरणा साधारण ३०० अंशांवर येतो आणि सिंहगड ३० अंशांवर. दोघांत जवळपास बरोबर काटकोन. सिंहगडावरचा टीव्ही मनोरा ओळखायला सोपा. पुरंदर ८३ च्या आसपास. हवा स्वच्छ असेल तर बाराही होकायंत्रं इथेच ताडून बघता येतील, कारण जागा आपल्याला ठाऊक आहे आणि नकाशावरचा कोनही.

स्वतःची जागा काढायचा सराव धारेवर करा. उभं आहोत तिथून सिंहगडाचं बेअरिंग घ्यायचं. मग कडीला हात न लावता होकायंत्र नकाशावर ठेवायचं, पट्टीची कड सिंहगडाला टेकवून सगळं होकायंत्र फिरवायचं, तळाच्या रेघा नकाशाच्या उत्तर रेघांना जुळेपर्यंत. इथे सुईकडे बघायचं नाही. कडेने मागे रेघ ओढली की ती धारेला जिथे कापते तिथे आपण. राजगडाहून तोरण्याकडे जाताना सिंहगडाचं बेअरिंग ३० वरून सरकत जातं, मधोमध ४३ च्या आसपास होतं, तोरण्यावर ५५ च्या जवळ पोचतं. सात किलोमीटरमध्ये पंचवीस अंश, म्हणजे एका अंशाला पावणेतीनशे मीटर. तोरणा आणि राजगड हीच जोडी घेतली तर मात्र रेघा एकाच ओळीत येतात, छेद मिळत नाही. मुलांना दोन्ही करून बघू द्या, छेदाचा कोन का महत्त्वाचा ते सांगावं लागणार नाही.

---

दिंडीदरवाजा

यात एक धोक्याचं जोडतो. बेअरिंग सरळ रेघ दाखवतं, सह्याद्रीत सरळ रेघेत कडा असतो. नकाशावर २० मीटरच्या कंटूर (समान उंचीच्या रेघा) एकमेकींना चिकटल्या असतील तर त्या रेघेवर चालायचं नाही. धुक्यात मुक्कामाच्या गावाचं बेअरिंग लावून निघू नका. डोंगराच्या सोंडेचं बेअरिंग लावा, सोंड संपते तिथपर्यंतचं अंतर मोजा, तिथे थांबून पुढच्या टप्प्याचा कोन नव्याने घ्या. सपाटीवर १०० मीटरला साधारण साठ ते पासष्ट दुहेरी पावलं पडतात, चढावर वाढतात. प्रत्येकाने आपली मोजून लिहून ठेवावी.

ओढ्यावरची वाट गाठायची असेल तर मुद्दाम पाच-सात अंश एका बाजूला धरून चाला. ओढा लागला की वाट कोणत्या हाताला आहे हे तरी नक्की असतं.

---

सह्यकडा_सातारा

नवख्यांची सर्वांत मोठी चूक १८० अंशांची. कडीचा "N" नकाशाच्या खालच्या बाजूला राहतो किंवा सुईचं पांढरं टोक घरात बसवलं जातं. बेअरिंग काढण्याआधी तोंडाने म्हणायला लावा: "वायव्येला जायचंय, म्हणजे २७० ते ३६० च्या मधे." कडी १२० दाखवत असेल तर लगेच सापडतं.

---

पदरवाट

मंडळी, मग मी असं ठरवतोय: बेसप्लेट, किमान १० सेंमी, २ अंशांच्या खुणा, डेक्लिनेशनचा स्क्रू नाही, आरसा नाही. वीस मागवून बारा निवडायची. सुंतो किंवा सिल्वाचं साधं मॉडेल बजेटात बसलं तर उत्तर गोलार्धाची खूण बघून, नाहीतर बिननावाचं पण निवडुंग यांच्या तपासणीतून गेलेलं. वाचलेल्या पैशांत तीन पत्रकांच्या बारा-बारा प्रती, १०० टक्के मापात. दोरी घालायची का?

---

कारवी

घाला, पण लांब. दोरी गळ्यात राहूनही होकायंत्र नकाशावर सपाट टेकलं पाहिजे. आखूड दोरीने होकायंत्र ओढलं जातं आणि कड बिंदूवरून सरकते. लोखंडी हूक असलेली दोरी नको.

---

निवडुंग

निवड बरोबर. नकाशाला हात लावण्याआधी मैदानावर एक खेळ घ्या. प्रत्येकाने पायाशी खूण ठेवायची, शून्य अंशावर ४० पावलं, मग १२० वर ४०, मग २४० वर ४०. तीन सारख्या बाजूंचा त्रिकोण, त्यामुळे परत खुणेवर यायला हवं. दोन-तीन पावलांच्या आत आलं तर होकायंत्र आणि माणूस दोघेही तयार. सहा-सात पावलं लांब राहिलं तर शेजाऱ्याशी होकायंत्र बदलून पुन्हा. चूक माणसासोबत गेली की होकायंत्रासोबत, ते दुसऱ्या फेरीत कळतं. पावलं न बघता समोरचं झाड किंवा खांब धरून चालायला सांगा; सुईकडे टक लावून चालणारा नेहमी एका बाजूला वळतो.

खूण म्हणून रुमाल किंवा रुपयाएवढा कागद ठेवा. नाणं नको, आताची रुपया-दोन रुपयांची नाणी स्टीलची असतात.